पोटभाडेकरू

रास्ता पेठेतल्या लॅबमध्ये एकतीस वर्षं
मी लोकांच्या शौचाचे नमुने पाहिले.
सुरुवातीला काडेपेटीतून यायचे, हिंगाच्या डबीतून,
एकदा तर कुंकवाच्या करंड्यातून.
दोन बस बदलून आलेल्या बाईनं
तो पदराखाली झाकून आणला होता, प्रसादासारखा.

स्लाइडवर सलाइनचा थेंब, शेजारी आयोडीनचा.
भिंगाखाली हळूच उगवायचं ते बदामी अंडं,
कडेनं खडबडीत, कुणी नखानं नक्षी काढल्यासारखं.
खोटं कशाला बोलू, मला ते सुंदर वाटायचं.
रजिस्टरात लिहायचे : जंतांची अंडी आढळली.
आणि हात धुवायला उठायचे,
कोपरापर्यंत.

आज माझाच कागद माझ्या हातात.
तीन महिन्यांची साखर आठ पूर्णांक सहा.
यकृतावर चरबी, दुसरी पायरी.
वजन बावन्न किलो.
"तुम्ही तर काडी आहात, बाई," शर्वरी म्हणते,
माझ्याच खुर्चीत बसणारी नवी मुलगी,
"तुम्हाला कुठून?"

कुठून.

बोपोडीहून.
वडील खडकीच्या दारूगोळ्यात,
चाळीला एक नळ, तोही दुपारी कोरडा.
मग कळशी घेऊन मुळेवर.
म्हशी वरच्या अंगाला, आम्ही खालच्या.
रात्री झोपेत मी कराकरा दात खायचे.
आई म्हणायची, भाकरी ही खाते,
अंगी लागते दुसऱ्यांच्या.
वावडिंगाचा काढा झाला, कडू, चुलीवर आटवलेला.
शेवटी दवाखान्यातली गोळी.
दुसऱ्या दिवशी एक निघाला, वीतभर, पांढुरका,
अजून वळवळत होता.
धाकटा शिवराम चाळभर ओरडत पळाला :
"ताईला साप झालाऽऽ!"

मला वाटलं, सुटले.

डॉक्टर देवस्थळी तरुण आहे. माझ्या धाकटीच्या वयाची.
तिनं विचारलं, "लहानपणी जंत, जुलाब, कावीळ?"
एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
म्हणाली, "दोन्ही बाजूंनी बोलतात, मावशी.
कुणी म्हणतं, वाढीच्या वयात ताटातलं दुसऱ्यानं पळवलं
की शरीर धास्तावतं, मिळेल ते आत दडवून ठेवतं.
कुणी म्हणतं, उलट.
जंत असतात तोवर तेच साखरेला आवरून धरतात,
ते गेले की..."
तिनं पेनाला टोपण लावलं.
"तुमच्या बाबतीत काय झालं, नाही सांगता येणार."

मला आवडलं तिचं ते.
मी आयुष्यभर दोनच शब्द लिहिले :
आढळली, किंवा आढळली नाहीत.
एके काळी होती, असा रकानाच नव्हता.

पोटभाडेकरू सहजासहजी निघत नाही,
शिवाजीनगर कोर्टातल्या कुठल्याही कारकुनाला विचारा.
माझे निघाले बिनबोभाट, एका गोळीत.
फक्त जाताना किल्ली दिली नाही.
कुठली भिंत पाडली, कुठला माळा घातला,
पन्नास वर्षांनी सोनोग्राफीवाल्याला दिसलं,
करड्या पडद्यावर, तेही अंधूक.

आणि शिवराम?
तोच नळ, तीच नदी, एकाच ताटात जेवलो.
त्यालाही जंत होते, माझ्याहून जास्त.
सत्तर किलोचा आहे, पोट सुटलंय,
रविवारी सकाळी पाव किलो जिलबी एकटा संपवतो
आणि साखर ब्याण्णव.
फोनवर हसतो. "ताई, तुझा साप चावका होता."

आज पुन्हा रक्त द्यायचंय, उपाशीपोटी.
बाकावर बसलेय, पेशंटांच्या बाजूला,
इथला गार स्टीलचा स्पर्श मला ठाऊक नव्हता.
शर्वरी नाव पुकारते, चुकीचं आडनाव लावून.
पोटात कावळे ओरडताहेत.
फक्त कावळे,
रजिस्टरात तरी तसंच आहे.