पाच दगड

प्रश्नावलीत बत्तीस प्रश्न आहेत.
फ्रेंचमधून अरबीत, अरबीतून आमच्या मसालित भाषेत
ते माझ्या तोंडी उतरतात
तोवर काहींचे हातपाय वाटेतच राहतात.

"गेल्या दोन आठवड्यांत आपणांस किती वेळा हताश वाटले?"
'हताश'ला शब्द शोधत मी रात्रभर कूस बदलली.
शेवटी असं विचारू लागले:
छातीवर कुणी येऊन बसतं का?
बसलं तर उठतं कधी?

उत्तरं द्यायला दगड आहेत, पाच.
नगारमाजी साहेबांनी कोरड्या नदीतून
स्वतः निवडून आणलेले.
बोराएवढा म्हणजे कधीच नाही.
अंड्याएवढा, कधीकधी.
पुढचे तीन वाढत जाणारे,
आणि पाचवा म्हणजे सतत.
तो पिशवीत वागवताना माझाच खांदा भरून येतो.

कल्तूमा. तंबू ब-सत्तेचाळीस.
वय?
"टोळ आले त्या साली मी चालायला लागले होते."
रकाना कोरा.
घरात माणसं किती?
सहा म्हणाली, मग दोन बोटं मिटली,
मिटलेल्या बोटांकडे बघत राहिली.
मी चार लिहिलं.
आधीचा सहा खोडायला हात झाला नाही.

"दोन आठवडे म्हणजे कुठून कुठवर?"
मी म्हटलं, मागच्या ज्वारीवाटपापासून आजवर.
"मग सोपं आहे.
वाटप झालं त्या रात्री झोपले,
पोत्यावर डोकं टेकून.
मग पोतं खाली खाली गेलं,
तसं डोकंही."

झोपेचा प्रश्न अकरावा होता.
आम्ही अजून तिसऱ्यावरच.

किती वेळा, कल्तूमा? दगड दाखव.
तिनं ते न्याहाळले
बाजारात बाई कलिंगड निवडते तसे,
उचलून, तळहातावर तोलून.
मग मोठे तिन्ही पदरात घेतले,
तंबूच्या मागे नेले,
सगळ्यात थोरल्याला वाळूत जरा पुरून
तिघांची डोकी सारखी केली
आणि वर काळं पातेलं ठेवलं.
बोटानं ढकलून पाहिलं.
डुगडुगलं नाही.

"इथं नुसती वाळू," ती म्हणाली.
"आठ महिने विटेचा तुकडा आणि गंजका डबा लावून रांधते.
एक दिवसाआड पेज सांडते,
आणि सांडलेली पोरं वाळूसकट खातात.
हे लिही."

कुठं लिहू?
"मनास बरे वाटावे म्हणून आपण काय करता?"
हा सव्विसावा प्रश्न.
तिथं लिहिलं: चूल मांडली.

दगड मी परत मागायला हवे होते,
ते संस्थेचे, यादीत नोंदलेले.
तिनंच बोराएवढा आणि अंड्याएवढा आणून दिला,
धुऊन.

त्यानंतर नऊ तंबू झाले.
हवाची लेक, गेल्या पेरणीपासून न बोललेली,
तिनं अंड्याएवढा उचलला.
उरलेल्यांत तोच मोठा होता.
शेजारचा म्हातारा, जो दाराकडे
एकदाही पाठ करून बसत नाही,
त्यानंही तोच. घट्ट धरून ठेवला,
बोटं एकेक करून सोडवावी लागली.

संध्याकाळी साहेबांनी बेरीज मांडली.
ब विभागात दुपारनंतर
परिस्थितीत लक्षणीय सुधारणा.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा वरपासून बेरीज केली.
"दुपारी काय झालं?"
मी म्हटलं, दगड कमी पडले.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, उद्या आणू.

नदी दीड कोस लांब.
गाढवावर पोतं, पोत्यात चाळीस-पन्नास,
साहेबांच्या सदऱ्याला घामाचा नकाशा.
आज ब-अठ्ठावन्नपासून सुरुवात.

मी कागद काढला, खाकरले,
पहिला प्रश्न जिभेवर घेतला.
बाई दारातच उभी होती,
काखेत पातेलं.