पाऊणकी

तिथीची पाऊणपट करायची,
भरतीची वेळ निघते.
पंचमी. पाच पाऊणे पावणेचार.
हे वसईच्या मुखाशी. कोलशेतला पाणी पोचेपर्यंत
आणखी दीड तास धर, चांगुणाबाय म्हणाली,
धक्क्यावर बसून चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने आवळत.
मी वहीत सव्वापाच लिहिलं.
एकतीस वर्षं घरपट्टी विभागात काढली,
शाळेतला हा पाढा आज पहिल्यांदा कामाला आला.

निळा ड्रम काल्हेरच्या गोदामातला,
तीनदा धुतला तरी फिनेलचा वास.
त्यात तांदूळ, सुके बोंबील, कपड्यांचा एक जोड,
काडेपेटी पाचकाच्या डबीत, झाकणाला मेण.
गोडं पाणी दहा लिटर.
ताडपत्री, कोयता, सोळा हात दोरी,
तेलाचा कॅन अर्धा कापून केलेलं उपसणं.
घडीची खुर्ची मंदाकिनीने दोनदा आत ठेवली,
मी दोनदा बाहेर काढली.
प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारायचं :
गुडघाभर चिखलातून माझ्या डोक्यावर येशील का?
खुर्ची काही बोलली नाही.

होडी फायबरची, केळफुलाच्या पाकळीएवढीच रुंद वाटणारी.
पुढचीने ताल धरायचा, मागचीने दिशा.
ऑफिसात मंदाकिनी माझी साहेब,
माझ्या रजेच्या अर्जावर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढायची.
आता ती पुढे. मागे वळून बघायची सोय नाही,
बघितलं की होडी कलते.
'डावीकडे घे,' ती म्हणते.
मी घेते. मला वाटेल तेव्हा.

वल्हं ओढायचं नसतं.
ते पाण्यात रोवायचं, आणि आपण त्याच्यापाशी जायचं.
एवढं कळेपर्यंत गायमुख आलं.
डाव्या हाताला घोडबंदर रस्त्यावर ट्रकांचे लाल दिवे,
जागच्या जागी.
उजवीकडे तिवरांत बगळे जागेवरून भांडत होते.
मधून ओहोटी आम्हाला फुकट नेत होती.

खारबावच्या अलीकडे दाजी भोईरांच्या बांधावर उतरलो.
त्यांना आधी विचारून ठेवलं होतं.
ताडपत्रीची पाठ वाऱ्याला. भात जरा लागला.
आणि होडी मी तिवराला बांधली,
आखूड, घट्ट, फायलीला फीत बांधावी तशी.

रात्री अकराला कुणीतरी कण्हल्यासारखं झालं.
बॅटरी मारली.
पाणी पुरुषभर खाली गेलेलं,
होडी नाकाने झाडाला टांगलेली, बूड चिखलात,
आणि गाठीचा दगड झालेला.

'खाडी दोन टायमाला उघडी परते गो, तिला लाज नाय.
दोरी सैल सोर. ती जाईल तिकडं होरी जाऊं दे.'
चांगुणाबायचं हे मी ऐकलं होतं.
लिहून घेतलं नव्हतं.

मंदाकिनीने कोयता पुढे केला. बोलली नाही.
दोन हात दोरी कायमची गेली.
होडी चिखलात बसली, म्हशीसारखी, एक सुस्कारा टाकून.

मग बांधावर बसून राहिलो.
चंद्र केव्हाच मावळलेला.
खाली चिखलात बुडबुडे फुटत होते,
कोण कुठून श्वास घेतंय ते दिसत नव्हतं.
'मी प्रश्नचिन्ह का काढायचे माहितीये?' ती म्हणाली.
'का?'
'तू कारणात नेहमी "घरगुती" लिहायचीस.
मला खरंच विचारायचं असायचं.'

डास होते. मलम तिने आधी मला दिलं.
पाणी चढायला तीन वाजणार होते,
म्हणून मी सांगायला लागले,
पहिल्या अर्जापासून, तारखेसकट.

अर्धंच झालं होतं,
तेवढ्यात होडीचं बूड हललं.
दोरी चौदा हात उरली होती.
ती या वेळी सगळीच्या सगळी सोडली.