उजवा कंट्रोल

क्लाक्सविकच्या धक्क्यापासून वर, तिसऱ्या वळणावर
तुम्मासची विणकामाची शेड.
यंत्र अजून ठणठणीत, एकूण एक सुई जागेवर.
त्याच्याशी बोलणारा संगणक मात्र
मंगळवारी रात्री गेला.
धूर नाही, आवाज नाही. नुसता गेला.

नव्या संगणकाला यंत्राची भाषा येत नाही.
विकणारी कंपनी केव्हाच बुडाली,
दुरुस्त करणारा माणूस डेन्मार्कला मुलीकडे राहतो.
उरली एक सीडी, आणि तिच्या पाकिटावर
बॉलपेनने लिहिलेला लांबलचक परवाना क्रमांक;
त्यात एक आकडा तीन की आठ, देव जाणे.

मी म्हटलं, यजमान नवाच राहू दे,
जुन्याला पाहुणा म्हणून आत बोलवू.
त्याला खोटी डिस्क देऊ, खोटा फ्लॉपीचा खण,
आणि मेमरी अगदी बेताची,
आजारी माणसाला पेज वाढावी तशी.
जास्त वाढली की हा कोसळतो.

‘पैसे किती?’
काही नाही.
‘काही नाही म्हणजे?’
म्हणजे कुणीकुणी मिळून लिहिलं,
आणि ठेवून दिलं येणाऱ्याजाणाऱ्यासाठी.
तुम्मासने मान हलवली. डोंगरावरचं सामाईक कुंपण
ज्याला मोडलेलं दिसेल तो बांधतो;
हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

आठ होता.

खिडकीत खिडकी उघडली.
आधी ढग, मग ती सुरुवातीची धून,
शेडमधली मांजर उठून बाहेर गेली.
पाहुण्याने तारीख विचारली, यजमानाने खरी सांगितली.
मधली इतकी वर्षं कुठे गेली, म्हणून
तो जराही दचकला नाही.
आपण कुणाच्या पोटात आहोत, त्याला पत्ता नाही.
डिस्क खरी का, असं विचारत नाही;
लिहितो, वाचतो, लिहिलेलं सापडतं.
तेवढं त्याला पुरतं.

केबल मात्र खरी लागते.
तिची वाट दोन्ही घरांतून काढताना
माझी दुपार गेली, आणि एक नखही.
पहिली मेंढी विणून आली ती पाच पायांची.
तुम्मास म्हणाला, राहू दे, वाऱ्याला बरी.

रात्री त्याचा फोन.
‘बाण आत अडकलाय. चौकटीबाहेर येतच नाही.’
उजवा कंट्रोल दाबा. डावा नाही, उजवा.
पलीकडे बराच वेळ नुसतं यंत्र,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
आला का बाहेर?
‘थांब,’ म्हणाला. ‘इथे एक फाइल सापडलीय.
सुन्नुवाच्या बाप्तिस्म्याचा स्वेटर.
एक बाही तेव्हा राहूनच गेली होती.’
सुन्नुवा आता मासेमारीच्या बोटीवर इंजिन बघते.
तिच्या अंगठ्यालाही ती बाही पुरायची नाही.

शेवटच्या फेरीबोटीचा भोंगा झाला.
मला तो दोनदा ऐकू आला,
एकदा माझ्या खिडकीतून,
एकदा त्याच्या.
‘येतो,’ तुम्मास म्हणाला,
‘एवढी बाही होऊ दे.’