तिरपा उजेड

यंग्जटाउनला जानेवारीत चार वाजताच अंधारून येतं.
मर्लच्या दुकानामागच्या खोलीत, बॉयलरला चिकटून,
मी जुन्या कॉमिक्सना इस्त्री करतो.
आईला फोनवर एवढंच सांगितलंय.
ती म्हणते, यासाठी गेलास होय इतक्या लांब?
तुझे बाबा पँट गादीखाली घालून झोपायचे,
सकाळी सुरीसारखी घडी.

तसंच आहे ते, आई.
फक्त गादीऐवजी पासष्ट अंशांवर तापलेलं लोखंड.
आधी बंद डब्यात, जाळीवर, दमट हवेत
पुस्तक तासभर सैलावू द्यायचं,
मग खाली-वर सिलिकॉनचा कागद, मग दाब,
मग रात्रभर तसंच निवू द्यायचं.
घाई केली की पिनांभोवती लाट उठते.
पिना गंजल्या असतील तर हात लावायचा नाही.
उडालेला रंग परत येत नाही, शाई जात नाही.
दुमड जाते. अंगठ्याचा खळगा जातो.
दहापैकी साडेसहाचे साडेसात होतात
आणि त्या एका गुणावर
कुणाचं तरी दोन महिन्यांचं भाडं निघतं.

डेब युर्चाकनं आणलं ते बासष्ट सालचं, बारा सेंटवालं.
एक जांभळा राक्षस पूल उपटतोय
आणि पुलावरची माणसं, हॅटा सांभाळत, ओरडताहेत.
वडिलांचं. वडील नोव्हेंबरात गेले. छप्पर गळतंय.
एवढं एका दमात सांगून
तिनं हातमोजे न काढताच सही केली.

मी दिवा आडवा धरला.
मागच्या पानावर, सायकलच्या जाहिरातीतल्या
हसऱ्या पोराच्या गालावरून, अक्षरं उठली.
शिसं नाही, शाई नाही, नुसत्या खोलगट सावल्या.
कुणीतरी यावर कागद ठेवून लिहिलं होतं:
२०८, दिले.
२१०, दिले.
२१४, पुढच्या शुक्रवारी.
२२१, कुत्रा.
पेपर टाकणाऱ्या पोराचा हिशेब.
आणि २३०. पुढे काही नाही, खाली रेघ,
तिच्याखाली रेघ,
तिसरी इतकी दाबून की कागद आरपार जायचा राहिला.

मी तिला फोन लावला.
पेपर टाकायचे? ती म्हणाली. मला कधी बोलले नाहीत.
मग बराच वेळ नुसता टीव्ही ऐकू आला.
दाबल्यावर जाईल ते?
जाईल.
किती वाढतील?
चारशे. फार तर पाचशे.
मग दाबा.

बरोबरच आहे. पाणी स्वयंपाकघरात येत होतं.
मी सगळे आकडे पावतीमागे उतरवून घेतले.
कशाला, मर्लनं विचारलं.
म्हटलं, सवय.

सकाळी २०८ गेला होता. २१० गेला.
शुक्रवार गेला. कुत्रा गेला, त्याचं मला जरा वाईट वाटलं.
२३० तसाच.
पुन्हा ओलावा, पुन्हा लोखंड, पुन्हा एक रात्र.
रेघा जागच्या जागी.

सात आठवड्यांनी निकाल आला, प्लास्टिकच्या कवचात
कायमचा बंद होऊन: आठ.
पानं मळकट पांढरी.
शेरा: मागे किरकोळ दाबखूण.
किरकोळ.

डेब मार्चमध्ये आली. कवच हातात घेऊन फिरवत राहिली,
पण त्यात फक्त ट्यूबलाइट दिसत होती, आणि ती स्वतः.
कुठे?
मी प्लास्टिकवर बोट ठेवलं.
तिनं शेजारी तिचं ठेवलं, या वेळी मोजा काढून.
कोण राहायचं तिथं?
आता मी काय सांगणार.
गल्लीचं नाव पोरानं लिहिलंच नव्हतं,
त्याला माहीत होतं ना.

हल्ली घरी जाताना मी नको त्या गल्ल्यांत वळतो.
अर्धी घरं पाडून टाकलीत या भागातली.
एके ठिकाणी, २२६ नंतर, नुसत्या पायऱ्या आहेत,
चार पायऱ्या, वर घर नाही,
आणि बर्फानं सगळं दाबून सपाट केलेलं,
माझ्याहून सफाईनं, फुकटात.
मी गाडी बंद करत नाही.
हेडलाइट जरा तिरपे पडावेत म्हणून
थोडी मागे घेतो,
वळवतो.