दांडा कोणत्या हाताला

गंजगोलाईतल्या एका बोळात, भांड्यांच्या दुकानांमागं,
बिडव्यांचं शिलाई मशीनचं दुकान.
आम्ही चौघी आलो औशाहून,
पिशवीत गटाचे एकवीस हजार, पासबुक,
आणि जुन्या लुगड्यांची एक वळकटी.
ती माझी अट होती :
यंत्र नव्या कापडावर दाखवायचं नाही.

बिडवे हसले. आधी गोल पात्याचं काढलं, विजेचं,
मुठीत मावेल एवढं, आवाज मात्र गिरणीचा.
बारा पदर एका दमात, म्हणाले,
आणि अट विसरून नवं पॉपलीन घातलं खाली.
गेले बाराही, पिकल्या पपईसारखे.
मग शमीमनं लुगडं पसरलं.
वीस वर्षं धुतलेलं सूत.
पात्याला धरायला काही मिळेचना त्यात.
दशी गुंतली, पातं अडलं,
आणि लुगड्याला जी फट पडली
तिच्याकडं बघितलं आम्ही
कुणाची उघडी पाठ दिसावी तसं, आणि नजर काढून घेतली.

दुसरं संगणकाचं.
मोबाइलवर फूल काढा, ते फूल कापतं.
सत्यशीलानं विचारलं, लाइट गेल्यावर?
बिडवे म्हणाले, लाइट आल्यावर.

तिसरं कोपऱ्यात होतं, धूळ खात,
रसवंतीच्या चरकाचा धाकटा भाऊ म्हणावा असं.
फोममध्ये दडलेलं पोलादी पातं, तो साचा.
त्यावर कापड, त्यावर पाटी,
दांडा फिरवायचा, दोन रुळांतून सगळं पलीकडं.
लुगड्याचे सहा पदर गेले कण्हत
आणि निघाले सहा चौकोन, पाच पाच इंचांचे,
कोपरे बोटाला टोचावेत असे.

मी किंमत विचारली. अठरा हजार.
शमीमनं साच्याची वेगळी विचारली,
सत्यशीलानं गॅरंटी, नि पातं बोथटलं तर कुणाच्या दारात जायचं ते.
अयोध्याबाई स्टुलावर बसून होती,
आमची कापणारी,
तिनं एवढ्या वेळात एकच विचारलं :
दांडा कोणत्या हाताला?

उजव्या, म्हणाले बिडवे. सगळ्यांचाच उजव्या.

अयोध्याबाई डावरी.
लहानपणी प्रसादाला डावा हात पुढं केला
म्हणून चापट खाल्लेली. जेवते उजव्यानं,
ओवाळते उजव्यानं, कापायला मात्र हात आपोआप डावा.
आणि कात्री तर उजव्यांचीच असते
हे मला त्या दुकानात कळलं, पन्नाशी आल्यावर.
डाव्या हातात धरली की पातंच रेघ झाकतं.
तीस वर्षं ही बाई न दिसणाऱ्या रेघेवर कापत आली,
अंदाजानं, अंगठा वाकडा होईस्तोवर.
आमचे चौकोन जरा कलते असायचे.
पुण्याच्या बाई म्हणायच्या, हेच तर हातकामाचं सौंदर्य,
मीही तेच छापून घेतलं चिठ्ठीवर.

बिडव्यांनी थोडा वेळ यंत्राकडं बघितलं.
मग पोराला हाक मारली, दोघांनी उचलून
ते टेबलावर उलटं ठेवलं.
बस्स. पलीकडून कापड घालायचं, एवढंच.
दांडा आला डावीकडं.
अयोध्याबाईनं पदर खोचला आणि फिरवला.
काय वाटतंय, मी विचारलं.
ती म्हणाली, वंगण घाला की ओ याला, किती वरडतंय.

पाचशे कमी केले. पावती गटाच्या नावानं.

महिन्यानं पुण्याहून फोन आला :
या खेपेला कापणारी बदलली का?
चौकोन फार सरळ आलेत.
मी म्हणाले, नाही ताई, तीच आहे.
पुढं सांगायचं होतं, पण त्या भावाकडं वळल्या.

कात्री आता अयोध्याबाईच्या सुनेकडं आहे, स्वयंपाकघरात.
शेपूची देठं कापते.
सून उजवी आहे. म्हणते, आत्याबाई,
किती चांगली कात्री, बघा ना, कशी सरळ जाते.