शेवटचा डबा

पालच्या स्टँडवर एस.टी. रिकामी झाली
तेव्हा आप्पांनी घड्याळ पाहिलं: बारा मिनिटं लेट.
रिटायर होऊन अकरा वर्षं झाली,
तरी भुसावळ यार्डातला मालगाडीचा गार्ड
त्यांच्या मनगटावर अजून ड्यूटी करतो.

पौषातली सकाळ. तोंडातून वाफ निघाली
तसा यज्ञेश ओरडला, मी इंजिन!
आणि पुढे झाला, हसीनाबाई तडवींचं बोट धरून.
त्यांना या रानातली प्रत्येक वाट ठाऊक,
कोणती फॉरेस्टवाल्यांची, कोणती अस्वलाची, हेही.
मग नीरजा. मग मी, पाठीवर कळण्याच्या भाकरी,
ठेचा, आणि सासूबाईंनी
नको नको म्हणताना कोंबलेली डझनभर केळी.
मग हेमराज, पाण्याच्या बाटल्या वाजवत.
आणि सगळ्यांमागे आप्पा.
मागेच राहायचं हा त्यांचा हट्ट:
"गाडी पुरी आली की नाही,
ते शेवटच्या डब्यालाच कळतं."

साग पानं टाकत होता.
वाळलेलं एकेक पान असं पडे
की स्वयंपाकघरात कुणाच्या हातून पितळी निसटावी.
हसीनाबाईंनी सालईची साल नखाने खरवडली,
मुलांच्या नाकाशी धरली.
"देवघर!" नीरजा म्हणाली.
"आमच्याकडे दर्गा," त्या हसल्या.
पुढे अंजनाखाली नीरजा बसूनच राहिली,
जोडपानं उचलून उडवत, खाली पडली की पुन्हा उडवत.
आणि यज्ञेशला सापडली अस्वलाची विष्ठा,
बोरांच्या बियांनी भरलेली.
अर्धा तास आम्ही तिच्याभोवती उभे होतो.
एवढ्या भक्तीने मी कोणत्या देवळातही थांबलेली नाही.

नंतरचा चढ खडा होता.
पायाखाली मुरूम सरकत होता,
कारवीच्या काड्या बाहीला ओढत होत्या.
इंजिन मधेच फतकल मारून बसलं:
"फेल झालं. दुसरं मागवा."
हेमराज माथ्याकडे बघत म्हणाला,
अजून वीस मिनिटं फक्त.
हसीनाबाई पदराने यज्ञेशचा घाम टिपत म्हणाल्या,
"बसू द्या त्याले. डोंगर काई पयी जात नही."

बसलो. केळी काढली. वाटायला लागले
तर एक उरलं.

मागे वळून पाहिलं.
वाट होती, वाटेवर ऊन होतं,
आप्पा नव्हते.

त्या दोन वळणांचं मला काही आठवत नाही,
घरंगळलेले दगड आणि
माझाच आवाज, परका.
ते एका धोंड्यावर बसले होते,
उजवा बूट काढून, गुडघ्यावर तळवा ठेवून,
समोरच्या झाडावरच्या सुतारपक्ष्याकडे बघत.
"हाक का नाही मारली?"
"पुढची गाडी थांबवायची कशाला," म्हणाले.
"सिग्नलची वाट बघत होतो."
आयुष्यभर डबे मोजणारा माणूस.
आणि मी सकाळपासून
एकदाही मागे वळले नव्हते.

भाकरी मग त्याच वळणावर सोडली.
माथा राहिला. हेमराजने दोनदा वर पाहिलं,
मग ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं
आणि त्याने बघणं सोडलं.
धुकं विरलं तसा खाली दक्षिणेला
केळीच्या बागांचा हिरवा पट्टा उघडा पडला;
त्याच्या पलीकडे आप्पांना
दीपनगरच्या चिमण्या दिसल्या.
आम्हाला कुणालाच दिसल्या नाहीत.
आम्ही हो म्हणालो.

उतरताना गाडी उलटी जुळली.
हसीनाबाई पुढे, ओच्यात बकऱ्यांसाठी केळीची सालं.
इंजिन हेमराजच्या खांद्यावर झोपलेलं.
मग मी. माझ्यामागे आप्पा, हातात पळसाची काठी.
आणि त्यांच्या मागे, स्वतःहून, नीरजा.
ओढ्यापाशी ती थांबली,
बोट नाचवत मोठ्याने मोजू लागली,
एक, दोन, तीन, चार, पाच.
"पाच! सगळे आहेत!"

आप्पा दगडावर काठी टेकत,
मागे न वळता म्हणाले,
"सहा."