शेवटची ऑर्डर

कंपनीचं पत्र आलं, नोव्हेंबरच्या एका मंगळवारी,
अगदी सभ्य भाषेत:
चाळीस पायांची ही चिप
आता नव्या आराखड्यांसाठी सुचवली जात नाही.
डॉक्टरही असंच बोलतात,
आधी नातेवाइकांना बाहेर बोलावून.
खाली तारीख. मे अखेर शेवटची मागणी.
कमीत कमी पाच हजार नग.

मी वर्षाला साठ वापरतो.
पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला:
त्र्याऐंशी वर्षं, वर थोडी बाकी.
मी अठ्ठावन्नाचा.
आमच्या गाब्रोवोत मांजराची शेपटी छाटतात म्हणे,
दार लवकर मिटावं, खोलीतली ऊब जाऊ नये म्हणून.
त्या गावच्या माणसानं
एकशे एकेचाळिसाव्या वर्षापर्यंतची बेगमी करायची?

यांत्रा नदीच्या काठी, बंद कापडगिरणीमागे
माझी दीड खोली.
इथून अंडी उबवायच्या पेट्या जातात गावोगाव.
चिपला काम फार नाही.
सदतीस पूर्णांक सात अंश राखायचे.
दर दोन तासांनी अंड्यांची कूस बदलायची.
शेवटचे तीन दिवस त्यांना हलवायचं नाही.
कोंबडी हे सगळं फुकट करते,
फक्त शंभर अंड्यांवर तिला बसता येत नाही.

नवी घ्या, म्हणतो सोफियाचा विक्रेता,
निम्म्या किमतीत, शंभर पट वेगवान.
वेग घेऊन काय करू?
अंडं एकवीस दिवसच घेतं.
शिवाय ती तिळाएवढी, पायच नाहीत,
पोटाखाली नुसते ठिपके.
चष्म्याला दिसते. बोटांना दिसत नाही.

आणि गांचोचं काय?
आतला प्रोग्राम त्याचा, बावीस वर्षांपूर्वीचा.
त्यात एका जागी अकरा ओळी आहेत
ज्या काहीच करत नाहीत, फक्त थांबतात.
शेजारी त्याची टीप: इथे हात लावू नकोस, मिलेन.
का, ते लिहिलं नाही,
आणि आता तो टेकडीवर, पाइनच्या झाडांखाली.
मी एकदा काढून पाहिल्या.
दोन दिवस सगळं सुरळीत.
तिसऱ्या रात्री मोटर थांबेचना,
अंडी आपली गरागरा, पहाटेपर्यंत.
निमूटपणे परत घातल्या.

जानेवारीत लांबून दोनशे मागवल्या, स्वस्तात.
नेलपॉलिश पुसायच्या पाण्यात कापूस बुडवून फिरवला,
तर चिपचं नाव कापसावर आलं.
खाली दुसरं नाव, घासलेलं,
कुणाचं कोण जाणे.

गोमेचा एक पाय मोडला तर गोम लंगडत नाही, म्हणतात.
ह्या गोमेचा तेरावा पाय मोडला
आणि एप्रिलात त्सोन्काचा फोन आला.
टर्कीची साठ अंडी, एकोणिसावा दिवस, पेटी मुकी.
मी पोचलो तेव्हा ती स्टुलावर बसलेली,
पेटीत गरम पाण्याच्या बाटल्या,
प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका अंगाला फुली,
दुसऱ्या अंगाला गोल,
रात्रभर गजर लावून हातानं फिरवत होती.
चिपशिवाय चालतं की, मी म्हटलं.
तिनं पाहिलं माझ्याकडे.
मग मी गप्प.

बरोबर नेली होती ती गांचोची पहिली चिप,
वर्कशॉपच्या फळीवर नुसती ठेवलेली.
तिचे वाकडे पाय चिमट्यानं सरळ केले,
श्वास रोखून सॉकेटमध्ये दाबली.
एक, दोन, अकरा ओळींएवढं थांबून
मोटर फिरली.
साठ फुल्या खाली गेल्या, साठ गोल वर आले.

पैसे किती, त्सोन्कानं विचारलं.
पेट्रोलचे दे, म्हटलं.
तिनं चीज दिलं, कपड्यात बांधून.

आता उरल्यात सत्तेचाळीस.
ट्रियाव्नात एक जण चर्चच्या घंटांची घड्याळं करतो,
त्याला चारशे हव्यात म्हणे.
बुर्गासची एक मुलगी, भरती मोजते, तिला तीस.
बेरीज चारशे सत्त्याहत्तर.
मे महिन्याचे नऊ दिवस शिल्लक.
पत्राच्या तारखेवर चहाचा डाग पडलाय,
आणि मी अजून फोन करतोय.